ट्यूब सॉर्टिंग मशीनकडे द्यावं का?

सँपलवाला
संध्याकाळी सात ते दहा या वेळेत कुठल्याही मध्यम पॅथॉलॉजी लॅबमध्ये डोकावून बघा. रनर, म्हणजे कलेक्शन सेंटरवरून सँपल आणणारे, पिशव्या आणून ओततात आणि डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) झालेली मुलं टोपीचा रंग बघून ट्यूबा रॅकला लावत बसतात. जांभळी हिमॅटॉलॉजीला (रक्तपेशी), पिवळी बायोकेमिस्ट्रीला, निळी कोॲग्युलेशनला (रक्त गोठण्याच्या टेस्ट), राखाडी शुगरला. एकाच जांभळ्या ट्यूबवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) दोन्ही असतील तर ती आधी कुठे न्यायची हेही डोक्यात ठेवायचं. शिकून सवरून हेच करायचं का?

सॉर्टरमध्ये, म्हणजे हेच काम करणाऱ्या मशीनमध्ये, ट्यूबा ओतल्या की कॅमेरा टोपी ओळखतो, स्कॅनर बारकोड वाचतो, लॅबच्या सॉफ्टवेअरला बाकी टेस्ट विचारतो आणि ट्यूब योग्य कप्प्यात पडते. जपानच्या कोची मेडिकल स्कूलमध्ये डॉ. मासाहिदे सासाकींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अख्खी लॅब सरकत्या पट्ट्यांवर चालवून दाखवली होती. आपल्याकडे नवी मुंबईत तुर्भ्याच्या थायरोकेअर या लॅबमध्ये देशभरातून विमानाने सँपल येतात आणि तिथलं काम ऑटोमेशनवरच उभं आहे. त्यामुळे ‘भारतात हे चालत नाही’ हे कृपया सांगू नका. रोज हजारावर ट्यूबा येणाऱ्या लॅबने पुढचा ॲनालायझर (टेस्ट करणारं मशीन) घेण्याआधी सॉर्टर घ्यावा, असं माझं मत आहे.

तालुका पॅथॉलॉजिस्ट
साफ असहमत. साधा हिशोब करू. एका ट्यूबला पाच सेकंद धरली तरी हजार ट्यूबा दीड तासाच्या आतच होतात. दोघं बसले तर पाऊण तास. त्यासाठी मशीन, त्याचं वार्षिक मेंटेनन्स, यूपीएस आणि बंद पडलं की पुण्याहून इंजिनिअर यायची वाट बघणं?

दुसरं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. इटलीतल्या पदुआच्या प्लेबानी आणि कारारो यांचा १९९७ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. लॅबच्या चुकांपैकी सुमारे ६८ टक्के चुका सँपल ॲनालायझरवर चढण्याआधीच्या निघाल्या. चुकीच्या पेशंटचं रक्त बरोबर बारकोडच्या ट्यूबमध्ये असेल तर सॉर्टर ते अगदी बिनचूक पुढे पाठवेल.

सँपलवाला
डॉक्टर, हाताने ट्यूबा लावणं हेसुद्धा त्या ‘आधीच्या’ टप्प्यातच येतं ना?

जांभळी टोपी
मी टेबलापलीकडची, म्हणजे ट्यूबा लावणारी. डॉक्टरसाहेबांचा पाऊण तास कागदावर बरोबर आहे, पण हजार ट्यूबा दिवसभरात पसरून येत नाहीत, एकदम येऊन पडतात. साध्या ट्यूबमधलं रक्त सेंट्रिफ्यूज न करता (म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता) ठेवलं तर ग्लुकोज तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरतं. रांगेत शेवटी असलेल्याची शुगर आपोआप ‘सुधारते’!

आता सँपलवाल्यांना सांगते, पाच सेकंदांत मी काय काय करते ते. लेबल तिरकं असतं, नाहीतर ट्यूबला आडवं गुंडाळलेलं. बारकोडच्या रेघा वळणावर जातात आणि स्कॅनर मुका होतो. मी नखाने लेबल सोलते, नाव-वय जुळवते, नवं छापून उभं लावते. निळी ट्यूब उजेडात धरून रेघेपर्यंत भरली आहे का बघते. नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं द्रव) हे प्रमाण हललं की पीटी-एपीटीटी या गोठण्याच्या टेस्टचा आकडा विश्वासाचा राहत नाही. काही मशीन लेव्हल बघतात म्हणे, पण लेबल नेमकं लेव्हल दिसते त्या जागेवरच चिकटवलेलं असतं.

आणि एक गंमत. रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळीतलं पिवळीत ओतलं, तर टोपी पिवळी आणि बारकोडही बरोबर. ते मशीनला कळत नाही आणि मलाही कळत नाही. जांभळीतल्या पोटॅशियमवाल्या ईडीटीए या रसायनामुळे पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात गेलं की मग धावपळ.

सँपलवाला
ताई, तुम्ही नखाने सोलता तिथेच तर खरी मेख आहे. तुम्ही गुपचूप सावरून घेता, म्हणून कुठल्या सेंटरवरून वाकडी लेबलं येतात ते मालकाच्या कानावर कधी जातच नाही. मशीन ती ट्यूब रिजेक्टच्या कप्प्यात टाकतं आणि नोंद ठेवतं. महिनाअखेर सेंटरवार यादी समोर येते.

तालुका पॅथॉलॉजिस्ट
यादीच हवी तर वही पुरते. आयएसओ १५१८९ या लॅबच्या दर्जाच्या मानकानुसार नाकारलेल्या सँपलची नोंद ठेवावीच लागते, लॅबला मान्यता देणारे एनएबीएलवाले ती मागतात.

जांभळी टोपी
रात्री नऊ वाजता वही कोण लिहितं हो, डॉक्टर?

पान्हा आणि पेचकस
सर्व्हिसवाला आहे, दोन्ही बाजूंना थोडं थोडं नाराज करतो. कॅमेरा एका कंपनीच्या जांभळ्यावर शिकवलेला असतो. परचेसवाल्यांनी स्वस्तात दुसऱ्या कंपनीच्या ट्यूबा घेतल्या की छटा बदलते आणि फोन मला येतो. १३×७५ आणि १६×१०० मिलिमीटर अशा दोन मापांच्या ट्यूबा एकत्र ओतायच्या असतील तर तसं मॉडेल आधीच मागून घ्या. लहान बाळांच्या मायक्रो ट्यूबा, लघवीच्या डब्या, थुंकीचे नमुने हे बहुतेक सॉर्टर घेतच नाहीत, ते हातानेच. म्हणजे माणूस कमी होत नाही. ‘दोन पगार वाचतील’ असं सांगून कुणी मशीन विकत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बाकी अनुभव असा, की जिथे लेबल पेशंटसमोर छापून लावतात तिथे मशीन सुरळीत चालतं. जिथे पेनाने नाव लिहितात तिथे पहिल्याच आठवड्यात त्यावर कापड पडतं.

तालुका पॅथॉलॉजिस्ट
हेच म्हणतोय. आधी प्रत्येक सेंटरवर लेबल प्रिंटर द्या, तेही लॅबच्या खर्चाने. सॉर्टरच्या पैशात कितीतरी येतील.

सँपलवाला
प्रिंटरला माझी ना नाही. पण ‘आधी हे, मग ते’ म्हणत सॉर्टर पाच वर्षं पुढे ढकलला जातो. दोन्हींची ऑर्डर एकाच वेळी द्या.

जांभळी टोपी
ऑर्डर देताना लेबलचा रोल फ्रीजमध्ये टिकणारा मागा. साधा घेतलात तर दुसऱ्या दिवशी टेस्ट रिपीट करायला फ्रीजमधून ट्यूब काढायला जावं, तर लेबल हातात आणि ट्यूब रॅकमध्येच.