फाटकावर सगळ्या वर्गाचा निकाल लावा, नुसते शिष्यवृत्तीवाले नकोत

तिसरी_पाळी
आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागलाय. पाचवीच्या शिष्यवृत्तीत पात्र ठरलेली सहा लेकरं, डोक्याला फेटे, खाली हात जोडलेले पुढारी. अभिनंदन, त्यात काही वाद नाही. पण माझी पोरगी त्याच शाळेत चौथीत आहे आणि संकलित चाचणीत तिला मराठीत तीसपैकी 11. निम्मा वर्ग तिच्याच आसपास आहे हे मला पालकसभेनंतर कळलं, तेही चहाच्या टपरीवर दुसऱ्या पालकाकडून. राज्याकडून ज्या भाषा-गणित-इंग्रजीच्या चाचण्या येतात त्यांची वर्गाची सरासरी फाटकावर लावा, एवढंच म्हणणं आहे. आमच्या टॉवेलात धागा सुटला तर मालक सगळ्यांसमोर अंथरून दाखवतो. शाळेलाच एवढी लाज कशाला?

जिप_गुरुजी (अक्कलकोट तालुका)
दादा, राग रास्त आहे, उपाय चुकतोय. ही चाचणी घेतो कोण? मी. पेपर तपासतो कोण? मी. गुण ऑनलाइन भरतो कोण? परत मीच. आज 11 भरायला मला संकोच वाटत नाही, कारण त्या 11 वरूनच पुढच्या महिन्यात कुणाला काय परत शिकवायचं ते ठरतं. उद्या तोच आकडा फाटकावर टांगला की त्याचे 22 होतील. पोरगी आहे तिथंच राहील, आणि तिला येत नाही हे सांगणारा कागदही राहणार नाही.

तिसरी_पाळी
म्हणजे गुण वाढवले जातील हे तुम्हीच कबूल करताय की ओ सर! मग बाहेरचा माणूस बोलवा तपासायला.

जिप_गुरुजी (अक्कलकोट तालुका)
बाहेरची माणसं येतात तेव्हा येतात. 4 डिसेंबर 2024 ला केंद्राचं परख सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. पण ते नमुन्यात आलेल्या शाळांपुरतं. त्यातून जिल्हा कुठं आहे ते कळतं, तुमच्या गल्लीतली शाळा नाही.

चौथी_स्कॉलर
गुरुजी, आकडा लपवायचं समर्थन मला पटत नाही. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली. त्या वर्षी मला चौथीची शिष्यवृत्ती मिळाली (तेव्हा ती चौथी-सातवीला असायची, पाचवी-आठवीला 2016-17 ला गेली). पैसे म्हणाल तर वह्या-दप्तर सुटेल इतके. पण हायस्कूलच्या प्रवेशाला गेलो तेव्हा वडिलांच्या हातात तो एकच कागद होता. ओळख नाही, देणगी नाही. परीक्षेला नावं ठेवणाऱ्यांकडे बहुतेक वेळा दुसरे कागद असतात.

विडी_घरकुल
कागद मिळाला, चांगलं झालं. तुमच्या वर्गातून बसली किती होती, आठवतंय का? आमच्या पुतण्याचा फॉर्मच भरला नाही यंदा. ‘त्याला झेपणार नाही’ म्हणाले. दोन पेपर, दीड-दीडशे गुणांचे, आणि पात्र व्हायला प्रत्येकात 40 टक्के. न झेपणारे आधीच गाळले की निकाल चकाचक! फ्लेक्सवर सहा दिसतात, गाळलेले कुठल्या फ्लेक्सवर येतात बे?

फडावरचा (मंगळवेढा)
आमच्याकडं दिवाळी झाली की पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. परत येतात ते थेट वर्षाअखेरच्या चाचणीला. त्यांचे गुण शाळेच्या नावावर लावायचे की कारखान्याच्या?

अक्का_साखरपेठ
अण्णा, त्या अकरा गुणांवर एक विचारू? घरी काय बोलता?

माझ्याकडं शिकवणीला येणारी निम्मी लेकरं विड्या वळणाऱ्या बायकांची. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी. आणि पेपरावर छापलेलं असतं ‘प्रथम भाषा’. कुणाची प्रथम? शहरात उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, पण पुढं नोकरीला उपयोग व्हावा म्हणून आईबाप मराठीत घालतात. चूक नाही त्यांची.

गणितातही तेच. ‘सत्तावीस’ म्हटलं की पोरगं कानावर पडतं तसं आधी 7 लिहितं, शेजारी 2. झाले बहात्तर. तेलुगूत ‘इरवै एडु’, म्हणजे वीस-सात. कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’, तेच. 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढी टिंगल झाली! माझ्या ओट्यावरची पोरं हसली नाहीत. त्यांना लगेच कळलं. तेव्हा तो आकडा फाटकावर लावाल, तर शाळा कशी शिकवते ते कमी आणि पोराच्या घरात कुठली भाषा बोलतात तेच जास्त दिसेल.

जिप_गुरुजी (अक्कलकोट तालुका)
अक्का, माझ्या गावात सगळं कन्नड. पहिलीला मी दोन महिने कन्नडमध्येच बोलतो. साहेब आले की मराठी.

चौथी_स्कॉलर
हे सगळं मान्य. मग काय, पूर्व भागातल्या पोरांना मराठी कमी आलं तरी चालेल म्हणायचं? उद्या भरतीच्या परीक्षेत कुणी विचारणार नाही घरी काय बोलता.

अक्का_साखरपेठ
चालेल असं कुठं म्हणाले मी? कुठं अडलंय ते आधी बघा म्हणते. ‘असर’ची पाहणी असते ना, प्रथम संस्थेची, 2005 पासूनची? त्यात घरी जाऊन एकेका लेकराला समोर बसवतात. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, जिथपर्यंत वाचेल तिथपर्यंत. ती खेड्यांतच होते, आपलं शहर त्यात येत नाही. पण घरी करायला कोण अडवतंय? अण्णा, दुसरीचं बालभारती घ्या, पोरीला वाचायला लावा. मग पुस्तक मिटून काय वाचलं ते विचारा. मराठीत विचारा, मग तेलुगूत विचारा.

विडी_घरकुल
यंत्रमागावरून रात्री अकराला येणाऱ्या बापाला हे सांगणं सोपं आहे अक्का.

तिसरी_पाळी
रविवारी बसवलं. घडाघडा वाचली, मी खूश. काय कळलं विचारलं तर गप्प. आजीनं तेलुगूत विचारलं तर निम्मी गोष्ट हातवारे करून सांगितली. उरलेल्या निम्म्यात चार शब्द असे होते जे आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेलेच नाहीत. त्यातला एक मलाही येत नव्हता, खरं सांगतो.

म्हणून शाळेची जबाबदारी सुटत नाही हां. हे चार महिन्यांत बाईंना कळलं असेल तर मला का नाही सांगितलं? फाटकावरचं म्हणणं मी मागं घेत नाही. फक्त सरासरीच्या शेजारी वर्गात तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी किती तेही लिहा. उद्या सकाळी पाळीच्या आधी शाळेत जाऊन येतो.

चौथी_स्कॉलर
जाताच आहात तर फ्लेक्सचंही विचारा. सहा पात्र, पण बसली किती होती?