अंगावर वळ नसले तरी तो छळच का?

शेवंती (धागाकर्ती):
माझ्या एका मैत्रिणीच्या पगाराच्या खात्याचे एटीएम कार्ड तिच्या नवऱ्याच्या पाकिटात असते. भाजीला निघताना ती दोनशे रुपये मागून घेते आणि परतल्यावर उरलेली चिल्लर फ्रिजवर मोजून ठेवते. विषय काढला की तिचे उत्तर ठरलेले असते, ‘‘हात तर उगारत नाही ना!’’ हीच एक खूण आपण किती काळ धरून बसणार? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही हिंसाचारातच मोजतो. मूल किंवा मुलगा झाला नाही म्हणून हिणवणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे, यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

जुना वाडा:
मी असहमत आहे. व्यवहार एकाच्या हाती असणे ही कित्येक घरांची रीत आहे. आमच्याकडे कपाटाच्या किल्ल्या आईच्या कमरेला असत आणि वडील बसच्या पासापुरते पैसेसुद्धा तिच्याकडूनच घेत. त्यांचा छळ होतो आहे असे कोणी म्हणाले असते, तर ते स्वतःच हसले असते. ज्या शब्दामुळे पोलीस दारात येऊ शकतात, तो शब्द त्रयस्थांनी जपून वापरावा.

सांजवेळ:
आपले वडील हसू शकले असते, मुद्दा नेमका तोच आहे. किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावरून काहीच कळत नाही. ती मागितल्यावर पुढचे चार दिवस घरात काय घडते, पाणउतारा मुलांसमोर होतो का, माहेरी फोन करून ‘तुमच्या मुलीला समज द्या’ असे सुनावले जाते का, हे पाहावे लागते. पोलिसांचे म्हणाल, तर हा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. पीडित स्त्री थेट किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि संरक्षणाचा, त्याच घरात राहण्याचा किंवा आर्थिक साहाय्याचा आदेश मागते. संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र तो गुन्हा ठरतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जुना वाडा:
कायद्याची ही बाजू मला ठाऊक नव्हती, हे मान्य करतो. तरीही अबोला कोणत्या घरात नसतो? आणि त्या बाईंची स्वतःची तक्रार नसताना आपण त्यांच्या संसाराला नाव ठेवणे हाही एक प्रकारचा अधिक्षेपच नव्हे का?

शेवंती:
एखाद्या रुसव्याविषयी हा धागा नाही. तिची तक्रार नाही असे मीही समजत होते. गेल्या महिन्यात तिला आईच्या औषधांसाठी पैसे हवे होते, तेव्हा ‘बँकेने केवायसीसाठी कार्ड मागवले आहे’ असे खोटे सांगून तिने स्वतःचेच कार्ड दोन तासांसाठी मिळवले. त्याच दिवशी तिने महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक माझ्यासमोर फोनमध्ये साठवला. फोन रोज रात्री तपासला जातो, म्हणून त्यापुढे नाव घातले आहे ‘गॅस एजन्सी’.