गीझरला स्मार्ट सॉकेट बसवायचा आहे, पण बोर्डात अर्थिंगच नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सांगलीला, आम्ही पुण्यात. आईचं विसरणं हल्ली वाढलंय, सकाळी लावलेला गीझर दुपारपर्यंत चालूच असतो. थर्मोस्टॅट आहे, पण तोच अडकला तर काय, या विचाराने जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून तिथला जुना सॉकेट काढून वाय-फायवर चालणारा स्मार्ट सॉकेट लावायचा विचार आहे. ठरल्या वेळाने आपोआप बंद होईल आणि मला इथून फोनवर बघता येईल.

गीझर २५ लिटरचा, २००० वॉटचा. २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर होतात. मग १० अँपिअरचा सॉकेट चालेल, की १६ चाच घ्यावा?

खरी अडचण पुढेच आहे. मेन बंद करून सॉकेट उघडला. जुना सनमायकाचा लाकडी बोर्ड. उजवीकडे लाल (फेज) वायर, डावीकडे काळी (न्यूट्रल), आणि वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या पिनचा स्क्रू रिकामा, कधी वायर लागलीच नसावी इतका चकचकीत. लाल वायरचं टोक तपकिरी पडलंय, वाकवलं की वरचं प्लास्टिक तडकतं. तिथले वायरमन म्हणाले, "न्यूट्रलवरून वरच्या पिनला लूप देतो, सगळीकडे असंच असतं." मला हे पटत नाहीये. असं खरंच चालतं का? नसेल तर भिंत न फोडता अर्थिंग कसं आणायचं? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:

लूप अजिबात देऊ देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल सुटली, तर फेज एलिमेंटमधून (पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून) न्यूट्रलवर येतो आणि त्या लूपवाटे थेट गीझरच्या बॉडीवर. नळ धातूचे असतील तर हात लावणाऱ्यालाच शॉक.

मीटरच्या बोर्डावर अर्थिंगची वायर आली आहे का ते आधी बघा. असेल तर तिथून केसिंग पट्टीतून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगची हिरवी अशा तिन्ही वायरी नव्या ओढून घ्या, किमान २.५ चौरस मिमीच्या. तडकलेली जुनी वायर ठेवू नका. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

सॉकेट १६ चाच घ्या, गीझरचा टॉप (प्लग) १० च्या सॉकेटात बसणारही नाही. लाकडी बोर्डाऐवजी भिंतीवर बसणारी मॉड्युलर पेटी लावा. बहुतेक स्मार्ट सॉकेट फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, त्यामुळे बाथरूमपाशी रेंज येते का तेही बघा. वीज जाऊन आली की सॉकेट बंदच राहील असं सेटिंग ठेवा. आणि हाताने दाबायचं बटण असलेलाच घ्या, काकूंना रोज फोन कुठे हाताळायला लावता!

धागाकर्ता:

मनापासून आभार. वायरमनना लूप नको म्हणून कळवलं. बाबांकडून मीटरच्या बोर्डाचा फोटो मागवलाय, आला की इथे टाकतो. तिथेही हिरवी वायर नसेल तर खड्डा खणून नवीन अर्थिंग करावं लागेल ना?