मदत हवी आहे: कादंबरीतली कबड्डीची फायनल अडकलीये

पाणंद: रायगडमधल्या एका तालुक्याच्या गावावर कादंबरी लिहितेय. वरची आळी, खालची आळी, दोन्ही मंडळं एकमेकांच्या गणपतीलाही जात नाहीत. मुख्य पात्र नववीत, बाबा वरच्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष, मामा खालच्या आळीचा कोच. एका सीझनला दोन्हीकडून खेळता येतं का? शेवटी बाबांच्या टीमसमोर उभं करायचंय, विसाव्या मिनिटाला शेवटची चढाई. परवा प्रकाशकांना द्यायचंय, आठ दिवस इथेच अडकलेय, प्लीज लवकर सांगा.

कोपरारक्षक: कुठलं साल? माती की मॅट? मंडळाकडून की शाळेकडून? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पाणंद: आत्ताचंच. माती. शाळेचा काय संबंध?

कोपरारक्षक: तोच तर संबंध आहे ताई. शालेय स्पर्धा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या, 14, 17, 19 वर्षांखालच्या. किशोर गट जिल्हा कबड्डी असोसिएशनचा, 16 वर्षं आणि 55 किलोपर्यंत. दोन्ही वेगळं. आमच्यात एका सीझनला दोन मंडळांकडून उतरलं की हरकत यायची, पण शाळेकडून एक आणि मंडळाकडून दुसरं हे आम्ही सगळेच खेळलोय. शाळेत खालच्या आळीच्या पोरांबरोबर खेळव आणि संध्याकाळी मंडळाकडून त्यांच्याचसमोर उतरव.

रंकाळा_७७: कोल्हापूरचं फुटबॉल का नाही घेत? शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शाहू स्टेडियमवर मॅच असली की एकाच घरातले दोन भाऊ वेगळ्या स्टँडमध्ये बसतात, मी स्वतः पाहिलंय. याच्याइतकी ईर्षा कबड्डीत नाही.

कोपरारक्षक: भातकापणी झाल्यावर पेण-अलिबागकडे रात्रीची एक स्पर्धा बघा मग बोला. आणि मातीवरच बघा, मॅटवर घोटा धरायची मजा गेली.

मॅटवाला: मॅट नसती तर पोरांना गुडघ्याच्या कातड्याशिवाय काय मिळालं असतं? 2014 ला प्रो कबड्डी आल्यावरच गावातल्या आईबापांनी पोरांना खेळायला सोडलं.

लेखणी: ताई, प्रकाशकाशी आधी लेखी करार करा, मी फसलेय.

पाणंद: करार झालाय. विषयावर या ना प्लीज. आणि पोर नाही, मुलगी आहे ती.

कोपरारक्षक: अहो मग हे आधी सांगायचं! मुलींची मॅच 15-15 मिनिटांच्या दोन हाफची, हाफमध्ये विसावं मिनिट येणारच नाही. आणि वरच्या आळीला मुलींची टीम आहे का?

सावित्री_रोहा: हाच प्रश्न मला पडला. आमच्या गावात एकाच मंडळाने मुलींची टीम काढलेली, दुसऱ्या आळीच्या आम्ही चौघी तिथे खेळायचो. माझ्या वडिलांनी वर्षभर एकही मॅच बघितली नाही, आईला मात्र रोज विचारायचे, किती पॉइंट काढले म्हणून.

पाणंद: ताई हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे बाबांच्या मंडळात मुलींची टीमच नाही म्हणून ती मामाकडे जाते, आणि पुढच्या वर्षी बाबा तिला परत आणायला टीम काढतात आणि ती जात नाही. प्रकरण 9 पासून पुन्हा लिहावं लागेल पण चालेल. वजन कधी करतात हो, मॅचच्या दिवशी सकाळी की आदल्या दिवशी?