शॉकमधल्या पेशंटला हृदयाचा पंप : नागपुरात सरकारी खर्चाने द्यावा का?

धंतोलीकर
हार्ट अटॅकच्या मोठ्या झटक्यात हृदयाचा स्नायू इतका खचतो की बीपी लागत नाही, हातपाय गार पडतात, लघवी थांबते. हाच कार्डियोजेनिक शॉक. ब्लॉकेज खोलूनही यातले निम्म्याच्या आसपास पेशंट जातात. इम्पेला नावाचा बारीक पंप मांडीच्या धमनीतून हृदयाच्या डाव्या कप्प्यात सरकवतात; तो रक्त ओढून महाधमनीत सोडतो. 2024 मध्ये या पंपाच्या डॅनगर शॉक चाचणीचे निकाल आले. 355 पेशंट, 180 दिवसांतले मृत्यू पंपाविना 58.5 टक्के, पंपासह 45.8. म्हणजे आठ जणांना लावला तर एक जीव जास्त वाचतो. ज्याच्याकडे लाखो रुपये त्यालाच पंप, हे मला मान्य नाही. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये तो गरिबाला फुकट मिळालाच पाहिजे.

वैनगंगाकाठ
दादा, अर्धाच हिशेब मांडला तुम्ही. त्याच चाचणीत पंपवाल्यांपैकी 42 टक्क्यांना डायलिसिस लागलं, बाकीच्यांत 27. रक्तस्राव जवळपास दुप्पट. हृदय थांबून बेशुद्धच राहिलेले पेशंट तर घेतलेच नव्हते. आपल्याकडे गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याहून निघालेला माणूस नागपूरला पोचतो तोवर सात-आठ तास गेलेले असतात, किडनी बसलेली असते. त्या पैशात तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी अन् गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चोवीस तास ठेवा. पुष्कळांना शॉकच येणार नाही.

धंतोलीकर
इंजेक्शन हवंच, त्याला विरोध कुठे आहे? पण कामठीचा, नंदनवनातला माणूस वेळेत कॅथलॅबमध्ये, म्हणजे ब्लॉकेज खोलतात तिथे, पोचतो. सिरोंचा दूर आहे म्हणून त्याला का नाकारायचं?

आयसीयू सिस्टर
पंप घेण्यावर सगळे बोलतात, सांभाळण्यावर कोणी नाही. पायाची नाडी सारखी तपासावी लागते. रक्त गोठू न देणारं हेपारिन कमी-जास्त करत राहावं लागतं. पंपात रक्तपेशी फुटल्या की लघवी लालसर होते, ते लगेच लक्षात यावं लागतं. पंप जागेवरून सरकतोही. अशा पेशंटजवळ रात्रपाळीतही एक नर्स फक्त त्याच्यासाठी हवी. तेवढी माणसं आधी भरा, मग मशीन आणा.

वैनगंगाकाठ
ताईंचं खरं आहे. महाधमनीत बसवून हृदयाला आधार देणाऱ्या फुग्याचंही आठवा. वर्षानुवर्षं लावत आलो, अन् 2012 च्या 600 जणांच्या चाचणीत 30 दिवसांच्या मृत्यूत फरक दिसला नाही. 2023 मध्ये एक्मोचंही, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते परत सोडणाऱ्या मशीनचंही, तेच झालं.

धंतोलीकर
म्हणूनच तर ज्याचा फायदा दिसला तो पंप मागतोय, तोही फक्त त्या चाचणीत बसणाऱ्या पेशंटसाठी. नर्सभरती त्याच प्रस्तावात टाका, माझी हरकत नाही.

वैनगंगाकाठ
मग कोणाला लावायचा, कोणाला नाही, याचे निकष आधी लेखी ठरवा. रात्री दोन वाजता नातेवाईक हात जोडून उभे असताना ते ठरत नसते.