मदत हवी आहे: एंटरप्राइझ डिंगीची रब रेल नाळेकडच्या वळणावर बसत नाही

एंटरप्राइझ ही शिडाची छोटी होडी (डिंगी); माझी फायबरची, 4.04 मीटर लांब. रब रेल, म्हणजे धक्के सोसायला होडीच्या कडेला बाहेरून लावलेली पट्टी, सागवानी, 25 मिमी रुंद, 20 मिमी जाड. धक्क्यावर आपटून उजव्या बाजूची रेल नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) साधारण 70 सेंमी फुटली आहे. मागचं लाकूड ठणठणीत आहे, म्हणून अख्खी रेल बदलायची नाही.

फुटका भाग काढून जुनं सीलंट खरवडलं. स्क्रूच्या भोकांत ओल होती. भोकं मोठी करून, पूर्ण सुकवून, एपॉक्सीने (दोन घटक मिसळून घट्ट होणारा गोंद, दाट करायला त्यात सिलिका पूड) भरली. जोडासाठी जुन्या रेलला 1:8 उतार दिलाय (20 मिमी जाडीला 160 मिमी लांब), नवा तुकडा बाहेरून वर येईल असा. म्हणजे पातळ टोक मागे राहतं, धक्क्याला अडकून उचकटत नाही.

अडचण वळणाची. नव्या तुकड्यासाठी अखंड सागवानी पट्टी फडक्यात गुंडाळून वर उकळतं पाणी ओतत वाकवली. क्लॅम्प सोडले की निम्मी सरळ होते आणि बाहेरच्या अंगाला तंतू सुटतात. भट्टीत वाळवलेलं सागवान असंच हटवादी असतं.

आता 5 मिमीच्या चार पट्ट्या ॲसिटोनने पुसून एपॉक्सीत एकावर एक चिकटवायचा विचार आहे. होडीच्याच कडेवर प्लॅस्टिक लावून तोच साचा.

वाफेची पेटी नाही. नाळेत हवाबंद टाकी असल्याने आतून नट लावता येत नाही. काम मुंबईच्या दमट हवेत, शेडखाली.

5 मिमी पुरेल की 4 मिमीच्या पाच घ्याव्यात? आणि तयार रेल होडीला एपॉक्सीनेच चिकटवावी, की पुढे काढता यावी म्हणून पॉलियुरेथेन सीलंट आणि 316 स्टीलचे (समुद्राच्या पाण्यात सहज न गंजणारे) स्क्रू, तेही किती अंतरावर?