खाऱ्या पाण्यात आर्सेनिक: आयसीपी-एमएस आणि एएएसचे आकडे जुळेनात

टॉर्चवाली: विहिरीचं पाणी, क्लोराइड भरपूर. आयसीपी-एमएसवर (आर्गॉनच्या प्लाझ्मात अणूंचे आयन करून वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) वस्तुमान ७५ ला आर्सेनिक १४ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. हायड्राइड जोडलेल्या एएएसवर (आर्सेनिकचा हायड्राइड वायू करून, अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून मोजणारं यंत्र) ६. डब्ल्यूएचओची मार्गदर्शक पातळी १०. एक यंत्र पास करतंय, दुसरं नापास. कोणाचं खरं मानू?

जुना_नेब्युलायझर: हेलियम बंद ठेवून मोजताय ना? मग आकडा फुगणारच. प्लाझ्मातला आर्गॉन ४० आणि पाण्यातला क्लोरीन ३५ मिळून ७५, आणि आर्सेनिकला दुसरं स्थिर समस्थानिकच नाही, म्हणजे पळायला जागा नाही. सेलमध्ये, म्हणजे आयन मोजण्याआधी ज्या कोठडीतून जातात तिथं, हेलियम सोडा. तो आर्गॉन-क्लोरीनचा जोड-आयन आकाराने मोठा, जास्त धडका खातो, ऊर्जा गमावून तिथंच अडकतो. आर्सेनिक थोडं घटून पार होतं. आणि नमुन्यात आम्ल नायट्रिकच घाला. हायड्रोक्लोरिक ओतून वर क्लोराइडच्या नावाने बोटं मोडणारे महाभाग पाहिलेत मी!

क्युव्हेट: एएएसवरही डोळे झाकून विश्वास नको. पंचसंयुजी आर्सेनिक आधी त्रिसंयुजी केलंत का? नाहीतर आकडा कमीच येणार.

टॉर्चवाली: केलं, पोटॅशियम आयोडाइड आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने. आता हेलियम लावून ६.४ आलं. पुढे माती आहे, तीच पद्धत चालेल?

जुना_नेब्युलायझर: जपून. मातीतल्या निओडिमियम आणि समेरियमचे १५० वस्तुमानाचे दुहेरी प्रभाराचे आयनही ७५ वरच येऊन बसतात (यंत्र मोजतं ते वस्तुमान भागिले प्रभार), हेलियम त्यांना हलवत नाही. ट्रिपल क्वाड (सेलच्या आधी आणि नंतर अशी दोनदा वस्तुमानाची गाळणी असलेलं आयसीपी-एमएस) मिळालं तर ऑक्सिजन सोडा आणि आर्सेनिक ऑक्साइड ९१ वर मोजा.